ट्रकच्या कर्जाने सिबिल 612 वर, बाबा मदतीला तयार. त्यांची सही घ्यावी की पैसे?

साखळीचा_टिप्परवाला

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसता वाचतोय, लिहायला आज बसलोय. लांबलं तर सांभाळून घ्या. थोडक्यात सांगायला गेलं की समोरचा ‘हा बुडव्या’ म्हणून मोकळा होतो, हे बँकेत दोनदा अनुभवून झालंय.

वय 39. गोव्यात साखळी गावाजवळच्या एका वाड्यावर राहतो. आई, बाबा, बायको आणि सात वर्षांची मुलगी. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत डिस्पॅच बघतो, हातात 41 हजार पडतात. बायको बालवाडीत शिकवते, तिचे 11 हजार, पण ते रोखीत, त्यामुळे बँकेच्या लेखी ते नाहीतच.

घर मुंडकारी आहे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहायचा हक्क असलेलं. आजोबांपासूनचं. खरेदीचं काम अजून पुरं झालेलं नाही, त्यामुळे ते तारण ठेवायचा प्रश्नच येत नाही. दोन खोल्या आणि पडवी. मुलगी पडवीत अभ्यास करते आणि पावसाळ्यात वाऱ्याची दिशा बदलली की दप्तर उचलून आत येते. म्हणून साखळीतच एक फ्लॅट बघितलाय. दुसरा मजला, 78 चौरस मीटर, दहा वर्षं जुना, 34 लाख सांगतात. 24 लाख कर्ज मिळालं तर बाकीचं जमवता येईल.

आता सिबिलची, म्हणजे कर्ज फेडायची पत दाखवणाऱ्या स्कोअरची, कथा. 2016 च्या दसऱ्याला सहाचाकी टिप्पर घेतला. कर्ज साडेचौदा लाख, एका फायनान्स कंपनीचं. त्या वेळी आमच्या भागात ज्याच्याकडे लायसन्स होतं तो ट्रक घेत होता. 2012 च्या खाणबंदीने पोळलेलेसुद्धा घेत होते. खाणीवरून माल उचलायचा, आमोण्याच्या नाहीतर सारमानसच्या जेटीवर ओतायचा, परत फिरायचं. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हप्ता निघत होता. मग 7 फेब्रुवारी 2018 ला सुप्रीम कोर्टाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या. माझे फेडून झाले होते सतरा हप्ते.

पहिले काही महिने वाटलं, सुरू होईल. सगळ्यांनाच वाटत होतं. ट्रक घरामागच्या भाटात काजूच्या झाडाखाली उभा केला. बॅटरी काढून घरात आणली, पडवीत गोणपाटावर ठेवली, महिन्यातून एकदा चार्ज करायची. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या दोन चाकांमधून घाणेरीचं झुडूप वर आलं, ट्रकच्या फाळक्याच्याही वर. कंपनीची माणसं न्यायला आली तेव्हा आधी कोयत्याने ते तोडावं लागलं. तोडलं मीच.

लिलावानंतर 4,46,000 शिल्लक निघाली. 2020 च्या नोव्हेंबरात 2,60,000 भरून तडजोड केली, बाकीचे 1,86,000 त्यांनी सोडले. मला वाटलं सुटलो. कागदावरही ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहून दिलं होतं. पाच वर्षांनी घरासाठी बँकेत गेलो तेव्हा कळलं की माझ्या नावापुढे ‘सेटल्ड’ म्हणून लिहिलंय, आणि बँकेच्या भाषेत तो चांगला शब्द नाही.

दुसरी भानगड अशी की, एका मित्राच्या ट्रकला मी जामीन राहिलो होतो. तेव्हा पद्धतच होती, तू माझा जामीन, मी तुझा. चहा प्यायचा आणि सह्या करायच्या. त्याने बायकोचं सोनं मोडून 2022 मध्ये सगळं फेडलं, दाखला आहे त्याच्याकडे. तरी माझ्या रिपोर्टमध्ये ते कर्ज अजून थकीत दिसतं.

एका बँकेने सरळ नाही म्हटलं. एक हाउसिंग फायनान्सवाला तयार आहे, पण 11 टक्क्यांनी. आणि तोच म्हणाला, वडिलांना सहकर्जदार घ्या, काम सोपं होईल.

बाबा 67 वर्षांचे, सरकारी प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. पेन्शन 31 हजार. त्यांचा स्कोअर काय असणार, जन्मात उधारी केली नाही. निवृत्तीचे मिळून 14 लाख आहेत, फिक्समध्ये. पावत्या एका दुधाच्या पिशवीत, रबरबँड लावून, आणि प्रत्येक पावतीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मुदत संपायची तारीख, फळ्यावरच्या अक्षरात. मी विषय काढला त्या रात्री ते काही बोलले नाहीत. सकाळी पिशवी घेऊन पुढ्यात बसले आणि म्हणाले, “नऊ देतो. नाहीतर सही देतो. दोन्ही पाहिजे तर दोन्ही.”

मला त्यांची सही घ्यायची नाही. जामिनाची सही म्हणजे काय ते मी भोगतोय. पण नऊ लाख घेतले तर आई आहे, लग्न झालेली बहीण आहे दोडामार्गला. तिला अजून काही सांगितलेलं नाही. बाबांकडून नक्की कोणत्या रूपात मदत घ्यावी? आणि हे 612 घेऊन आत्ताच 11 टक्क्यांनी पुढे जावं की थांबावं? फ्लॅटचा मालक थांबेल असं वाटत नाही.

निवृत्त_लेजर

मी तुमच्या बाबांच्याच वयाचा. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा कर्ज विभागात. तुमच्यासारखे ट्रकवाले माझ्या टेबलासमोर बरेच बसून गेले. बुडवे त्यातले फार थोडे. पण मशीनला खाण बंद झाल्याचं कळत नाही, त्याला फक्त चुकलेला हप्ता कळतो.

आधी आकडा बघा. 24 लाख, 20 वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता येतो साधारण 20,830. अकरा टक्क्यांनी 24,770. महिन्याला चार हजारांना थोडं कमी, पण 20 वर्षांत ते साडेनऊ लाखांच्या जवळ जातं. म्हणजे बाबा जे नऊ लाख देणार ते तुम्ही व्याजात घालणार. तिथे बसलेला माणूस हे तुम्हाला सांगणार नाही, त्याचं ते कामच नाही. ‘आत्ता घ्या, दोन वर्षांनी दुसऱ्या बँकेत फिरवा’ असंही सांगतील. फिरवता येतं, बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतीआधी फेडल्याचा दंडही नाही. पण तुमच्या रिपोर्टात ‘सेटल्ड’ तसंच बसलेलं असेल तर दोन वर्षांनी तरी तुमचं कर्ज कोण उचलणार?

म्हणून आधी तो शब्द काढा. तडजोडीत सोडलेली रक्कम, तुमचे 1,86,000, कंपनीला भरायची तयारी लेखी कळवा. भरल्यावर ना-देय दाखला घ्या आणि नोंद ‘सेटल्ड’ची ‘क्लोज्ड’ करून द्यायला सांगा. पैसे टाकण्यापूर्वी त्यांच्याकडून तसं लेखी घ्या, तोंडी नको. मागचे चुकलेले हप्ते इतिहासात दिसत राहतील. ही माहिती किमान सात वर्षं ठेवतात. पण कर्ज पूर्ण फेडलंय, हे बघणाऱ्या अधिकाऱ्याला दिसतं आणि त्याला वर शिफारस करायला जागा मिळते.

जामिनाचं प्रकरण त्याहून सोपं आहे, कारण ती चूक आहे. मित्राचा दाखला जोडून सिबिलच्या साइटवर तक्रार टाका. फुकट आहे. तीस दिवसांत निकाल लावायचा असतो. एप्रिल 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. आणि नुसतं सिबिल बघून थांबू नका. एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क असे आणखी तिघे आहेत. चौघांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर उतरत नाही. उतरतो तो दहा ठिकाणी अर्ज टाकल्याने, तेव्हा ‘चौकशी करून बघतो’ म्हणत प्रत्येक बँकेत पॅन देत फिरू नका.

आता बाबा. सहकर्जदार म्हणजे कर्ज त्यांचंही. तुमचा एक हप्ता चुकला की त्यांच्या कोऱ्या रिपोर्टला डाग. शिवाय त्यांचं पेन्शन उत्पन्नात धरलं तर बँक त्यांचं वय बघणार. बहुतेक ठिकाणी सत्तर ते पंच्याहत्तरच्या आत कर्ज संपायला हवं असतं. 67 व्या वर्षी 20 वर्षांची मुदत मिळेल असं धरून चालू नका. मुदत तोकडी झाली की हप्ता वाढतो. आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण त्यांच्या माघारी आईंना कुटुंब पेन्शन मिळेल ती शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के. ज्या 31 हजारांच्या भरवशावर कर्ज बसवलं ते 31 हजार राहत नाहीत.

जामीनदार म्हणूनही तेच. कायद्यात जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हे तुम्हाला मी काय सांगू.

माझं मत, रक्कम घ्या, सही घेऊ नका. रकमेला शेवट असतो. पण आधी त्यांना विचारा, नऊ गेल्यावर उरलेल्या पाचात दोघांचं दुखणंखुपणं निघेल का. तुमच्या बाबांनी दोन्ही पुढे केलं म्हणजे दोन्ही परवडतं असं नाही, हे शिक्षक लोक हिशेब दुसऱ्याचा चांगला करतात.

उसगावचा_ड्रायव्हर

टिप्परवाले बाब, तुझा काजू तरी होता. माझा ट्रक रस्त्याच्या कडेला होता, टायर रात्रीचे गेले 😄

एकच सांगतो. म्हापशात एक जण ‘सिबिल साफ करून देतो, पंधरा हजार’ म्हणून बसतो. असे फोंड्यातही आहेत, फोनवरही येतात. माझे गेले. त्याने काय केलं, माझ्याच नावाने माझीच तक्रार टाकली, जी फुकट टाकता येते, आणि तीही चुकीच्या खात्यावर.

मी मात्र एक केलं त्याचा उपयोग झाला. बँकेत 25 हजारांची फिक्स ठेवून त्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. महिन्याला पेट्रोल तेवढं त्यावर, लिमिटच्या पाव भागाच्या वर जायचं नाही, आणि तारखेच्या आधी पूर्ण भरायचं. कमीत कमी रक्कम भरून भागवायचं नाही, पूर्ण. वर्षभरात स्कोअर 590 वरून 680 ला आला. माहिती आता आधीपेक्षा वरचेवर जाते, त्यामुळे लवकर दिसतं. पण बायकोला सांगून ठेव, नाहीतर ती चवथीची, म्हणजे गणपतीची, खरेदी त्यावरच करेल.

नोटरीकडचा_कारकून

मी वकील नाही, फोंड्यात एका नोटरीकडे बावीस वर्षं कारकून आहे. कागद मीच टाइप करतो म्हणून चार गोष्टी माहीत आहेत. पक्कं काय ते वकिलाला विचारा.

वरच्या सरांनी बँकेच्या बाजूने सांगितलं. आपल्याकडे गोव्यात दुसरी बाजू आहे, ती बाहेरच्या यूट्यूबवाल्यांना माहीत नसते. तुमच्या बाबा-आईंचं लग्न इथलं, वेगळा करार केलेला नसेल, तर पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे दोघांची मालमत्ता सामाईक. फिक्सच्या पावतीवर नाव एकट्या बाबांचं असलं तरी त्यात अर्धा वाटा आईचा. तेव्हा नऊ लाख ‘बाबा देतायत’ असं म्हणू नका, दोघं देतायत. पत्रावर आईची सही घ्या.

तुम्हा नवराबायकोलाही हेच. फ्लॅट तुम्ही एकट्याच्या नावावर घेतलात तरी तिचा अर्धा हिस्सा आपोआप आहे, बँक तिला सह्यांना बोलावणारच. विकणारा मालक गोव्यातला असेल तर त्याच्या बायकोची सही बघा. ती नसली की सगळं अडतं. गेल्याच वर्षी एक सेल डीड, म्हणजे खरेदीखत, आमच्याकडे टाइप होऊन तीन महिने पडून होतं, बाई कुवेतला, येईपर्यंत.

आता खरा मुद्दा. बाबांना फ्लॅटमध्ये मालक म्हणून घालू नका. काही बँका म्हणतात सहकर्जदार आहेत तर मालकही करा. बाबा मालक झाले की आई झाली, आणि त्यांच्या पश्चात त्या हिश्शाला तुम्ही आणि तुमची बहीण दोघं वारस. मग इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा कोर्टातला दावा, आली. तुमच्याच फ्लॅटसाठी तुम्ही कोर्टात.

रोख रकमेची भेट सोपी आहे. आईवडिलांकडून मुलाला मिळालेल्या रकमेवर आयकर लागत नाही, कितीही असो. पण रोखीने घेऊ नका, चेक किंवा बँकेतून बँकेत. फ्लॅटवाल्यालाही रोखीने देऊ नका, 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकरवाले त्याला तेवढाच दंड लावू शकतात. स्टॅम्प पेपरवर एक साधं पत्र करा की ही भेट आहे, परत मागायची नाही. बँक तुमच्या स्वतःच्या वाट्याचे पैसे कुठून आले ते विचारते तेव्हा हेच दाखवायचं.

फक्त एक. इथल्या कायद्यात आईबापाला आपल्या मालमत्तेतली अर्धीच मनाप्रमाणे कुणाला देता येते, बाकीची अर्धी मुलांच्या हक्काची. आणि एका मुलाला हयातीत दिलेलं पुढे वाटणीच्या वेळी हिशेबात धरलं जातं. म्हणून बहिणीला आज सांगा. उद्या कळलं तर नऊ लाखांचे नव्वद होतात.

आणि हे सगळं करण्यापूर्वी त्या बिल्डिंगची ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला योग्य असल्याचा दाखला, आणि खालच्या जमिनीची सनद, म्हणजे ती घरबांधणीसाठी वापरायची परवानगी, बघितलीत का? ती नसेल तर स्कोअर 800 असला तरी बँक हात लावणार नाही.

पार्सेची_धाकटी

मी या गोष्टीतली बहीण आहे. म्हणजे तुमची नव्हे, माझ्या भावाची.

माझ्या भावाने घर घेतलं तेव्हा पप्पांनी सही केली. सहकर्जदार. मला कुणी सांगितलं नाही, कारण ‘तुला कशाला काळजी’. पप्पा चार वर्षांनी गेले. कर्जाला विमा नव्हता, हप्त्यासोबत वाढीव पैसे नकोत म्हणून घेतला नव्हता. नंतर बँकेचं पत्र आलं ते पप्पांच्या वारसांना, म्हणजे आईला, भावाला आणि मला. मी पणजीत नोकरी करते, त्या पत्रातलं माझं नाव ऑफिसच्या पत्त्यावर पहिल्यांदा वाचलं. भाऊ हप्ते भरत होता, तसं काही बुडालं नाही. पण ते पाकीट मी अजून ठेवलंय.

पैसे दिले असते तर मला काहीच वाटलं नसतं, खरंच. भावाला दिलं तर दिलं. मला राग आला तो इतकाच की, घरात एवढा मोठा कागद झाला आणि मी त्या दिवशी घरीच होते, चहा मीच केला, आणि तो कागद कसला ते मला कुणी सांगितलं नाही.

तुमच्या बहिणीला फोनवर सांगू नका. तिकडे जा.

साखळीचा_टिप्परवाला

सगळ्यांचे आभार. सरांचा आकडा मी बायकोला वाचून दाखवला, साडेनऊ लाख ऐकून ती म्हणाली, मग पडवीच बांधून घेऊ पत्र्याने. 11 टक्केवाल्याला नको म्हणून कळवलं.

कारकून बाब, सनद आहे, ऑक्युपन्सी आहे, दोन्हीच्या प्रती मालकाने व्हॉट्सअॅपवर पाठवल्या. मालकाची बायको पुण्याला असते, हे मात्र तुम्ही विचारल्यावर मी विचारलं.

दोडामार्गला जाणं झालं नाही, पण चवथ जवळ आहे. ती येणारच. समोरासमोर सांगतो.

ट्रकचे 1,86,000 कुठून आणायचे हा प्रश्न आहे. माझ्याकडे साडेतीन आहेत, पण ते नोंदणीच्या खर्चाला लागणार. तो खर्च बँक कर्जात धरत नाही.

निवृत्त_लेजर

फिक्स मोडू नका. बाबांच्या एका पावतीवर कर्ज काढता येतं, दर त्या फिक्सच्या दरापेक्षा साधारण एक टक्का वर. स्कोअर कुणी बघत नाही. पावती जिवंत राहते. ते तुम्ही दरमहा फेडा, आणि बाबांना सांगून फेडा, गृहीत धरून नको.

साखळीचा_टिप्परवाला

सात महिने झाले. कुणीतरी खाली विचारलंय ‘पुढे काय झालं’, म्हणून लिहितो.

तो फ्लॅट गेला. चवथीच्या आधी आठ दिवस, दुसऱ्या कुणीतरी टोकन दिलं. दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही.

मित्राच्या जामिनाची नोंद तक्रारीनंतर तेविसाव्या दिवशी सुधारली. शंभर रुपये काही मिळाले नाहीत 😄 ट्रकच्या कंपनीने मात्र घाम काढला. पैसे घ्यायला एका दिवसात तयार, पण ‘क्लोज्ड’ करू असं लेखी द्यायला तीन आठवडे. सरांचं ऐकून मी तोवर एक रुपया टाकला नाही. मिळालं, भरले, आणि साधारण दीड महिन्याने रिपोर्टात शब्द बदलला. उसगावच्या भावाचं फिक्सवालं कार्डही घेतलं. 612 चे 671 झाले, आता 709 आहे. 750 च्या वर असतात त्यांना जो दर मिळतो तो मला नाही, थोडा चढाच लागला. पण 11 नव्हे.

बहिणीचं सांगतो. चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवून माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीखाली, आडवे झालेले. मी उठून बसलो आणि सांगितलं. नऊ लाख, बाबांच्या फिक्समधले, परत न करण्याचे. ती काही क्षण माटोळीतल्या नारळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माझ्या लग्नाला किती झाले होते?” मला माहीत नव्हतं. बाबा उठले. कपाटातून वही आणली. 2011, पानभर. मंडप, आचारी, दोन तोळ्यांची पाटली, मिरवणुकीच्या बसचं भाडं, भटजींची दक्षिणा 1,100. खाली बेरीज 3,42,650, लाल रेघ मारून.

ती वही तिने शेवटपर्यंत वाचली. म्हणाली, “बस हजार रुपये जास्त घेतले.” आणि मग म्हणाली, वहीत दादाचंही पान कर.

बाबांनी तिथेच केलं. तारीख, माझं नाव, 9,00,000. खाली दुसरी ओळ, फिक्सवरचं कर्ज 1,86,000, परत येणे. त्यापुढे मी दर महिन्याला आठ हजार भरतो आणि ते टिचकी मारतात. आतापर्यंत पाच टिचक्या झाल्या.

आता नवीन फ्लॅट डिचोलीत, तळमजला, साडेतेहतीस लाख. आईच्या गुडघ्यांना तेच बरं. 24 लाखांची तत्त्वतः मंजुरी आलीय, कर्जदार मी आणि बायको, बाबा कुठेच नाहीत. पार्सेच्या ताईंचं वाचून कर्जाचा विमा घेतला, पण बँकेने पुढे केलेला नव्हे. साधा टर्म विमा घेतला, बराच स्वस्त पडला.

भेटीच्या पत्राचा मजकूर बाबांनी स्वतः लिहून नेला होता. नोटरीकडे मुलीने तो मराठीतच टाइप केला आणि ‘आशीर्वादपूर्वक’मध्ये शी ऱ्हस्व काढला. बाबांनी खिशातलं पेन काढलं, दुरुस्त केलं, आणि कागद परत टाइप करायला लावला. स्टॅम्प पेपर दुसरा घ्यावा लागला. सह्या बाबांच्या, आईच्या, साक्षीदार म्हणून बहिणीच्या.

सेल डीडची तारीख अजून ठरायची आहे. या मालकाची बायकोही गोव्याबाहेरच असते, या वेळी बेळगावला, आणि तिची रजा पुढच्या सोमवारी कळेल.